न मिळालेली पावती

पाचशेच्या चार नोटा होत्या. मी त्या घरूनच मोजून नेल्या होत्या, म्हणजे द्यावे लागणार हे मला आधीच ठाऊक होतं, आणि तेच पुढे कित्येक दिवस सलत राहिलं. बाबा जाऊन चार महिने झाले होते. वारस नोंदीसाठी रजा काढून मी गावी आले होते. तलाठी कार्यालयात भाऊसाहेब नव्हतेच. त्यांच्या खुर्चीशेजारच्या बाकावर त्यांचा माणूस बसला होता, ज्याला आमच्याकडे सगळे ‘झिरो तलाठी’ म्हणतात. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आम्हा तिघांची आधार कार्डं, जुना सातबारा, सगळं त्याने एकेक करून नीट बघितलं. कागदात खोट नव्हती. मग त्याने फाईल मिटली, तिच्यावर तळहात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, “ताई, माझं काही नाही, पण वर द्यावं लागतं.” त्याच्या डोक्यामागे भिंतीवर नागरिकांची सनद लावलेली होती. काम कोणतं, दिवस किती, फी किती, असे तीन रकाने. वारस नोंदीपुढे फीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. त्या रेघेकडे बघत बघत मी पैसे दिले.

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. मागे न वळता तिने विचारलं, “झालं का गं? पावती दिली का त्यांनी?”

मी म्हटलं, “देतील.”

आमच्या घरात पावतीला फार मान. बाबांनी देवळीजवळच्या खिळ्याला एक जाड तार वाकवून अडकवली होती, खालचं टोक आकड्यासारखं वर वळवलेलं. घरपट्टी, शेतसारा, सोसायटीचा हप्ता, वीजबिल, खताच्या दुकानाची चिठ्ठी, सगळं त्या तारेत खोवलेलं असायचं. तार भरली की ते सुतळीने गठ्ठा बांधायचे, वर वर्ष लिहायचे आणि ट्रंकेत टाकायचे. पावसाळ्यात त्या गठ्ठ्यांना एक कुबट, गोडसर वास यायचा. मार्चअखेर आला की सायकल काढून ते स्वतः चावडीवर जात. सारा काही फार नसायचा, पण भरून आल्यावर पावती उन्हात धरून ती वाचायची त्यांची एक पद्धत होती. आकडा, तारीख, सही. मला वाटतं, आपण सरकारला दिलं आणि सरकारने ते मानलं, एवढ्याचं त्यांना समाधान असावं.

परत अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला आले, ऑफिस सुरू झालं, मुलांची परीक्षा, मंडळाच्या बैठका. त्या चार नोटा मात्र मनातून जाईनात. मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही हिल्सबरोला गेलो. कॅरीहून चाळीसेक मिनिटं. ईनो नदीच्या काठाने चालायला आम्ही तिथे नेहमी जातो. पाणी उथळ, तपकिरी, दगडांवरून खळखळत जाणारं. काठाला पिवळ्या-पांढऱ्या हनीसकलचा घमघमाट. नदीवरून परतताना, गावाच्या एका कडेला, झाडांखाली, एक दगड दिसला. त्यावर पितळी पाटी. त्या जागी १९ जून १७७१ रोजी फाशी दिलेल्या माणसांची नावं होती: मेरिल, मेसर, मॅटर, प्यू. आणि पुढे लिहिलं होतं, ‘आणखी दोन रेग्युलेटर’.

मुलाने विचारलं, “आई, त्या दोघांची नावं का नाहीत?”

अकरा वर्षं मी या राज्यात राहते आहे. घराच्या दस्ताची नोंद इथल्या काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे झाली. फी किती ते आधीच छापलेलं होतं, पावती ई-मेलने घरबसल्या आली, आणि मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. रोज ऑफिसला जाताना मी ट्रायन रोडवरून वळते. हा ट्रायन कोण, असा प्रश्न अकरा वर्षांत एकदाही पडला नाही. त्या दगडापाशी उभी राहिल्यापासून मात्र मी मिळेल ते वाचत गेले. जी काही गोष्ट उलगडत गेली ती परकी वाटेना. तिच्यात आमच्या तलाठी कार्यालयातलं तेच बाक होतं.

१७६० च्या दशकात, तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या या आतल्या भागात, लाल मातीच्या चढउतारांवर, पेन्सिल्व्हेनिया-मेरिलँडकडून गाड्या हाकत आलेली माणसं वस्ती करत होती. स्कॉच-आयरिश, जर्मन, शांततावादी क्वेकर पंथाचे. जंगल तोडायचं, मका लावायचा, डुकरं पाळायची. रोख पैसा कुणाच्याच हातात नव्हता. सगळा व्यवहार धान्यावर, कातड्यांवर, उधारीवर. आणि कर मात्र रोखीत. तोही डोईपट्टी. जमीन हजार एकर असो की पन्नास, माणसामागे कर सारखाच. गोऱ्यांमध्ये सोळा वर्षांवरचा प्रत्येक पुरुष मोजायचा आणि काळ्या माणसांत बारा वर्षांवरचे बायका-पुरुष दोन्ही. हिल्सबरो ज्या ऑरेंज परगण्यात, म्हणजे काउंटीत येतं, तिथल्या शेरीफाने जाहीर केलं की तो ठरावीक पाचच ठिकाणी वसुलीला बसेल. जो तिथवर येणार नाही त्याच्या दारात तो जप्तीला जाईल आणि त्या खेपेचे वर २ शिलिंग ८ पेन्स घेईल. जप्तीत घोडा जायचा, गाय जायची, आणि लिलावात ती कवडीमोलाने शेरीफाच्याच सोयऱ्याधायऱ्याच्या गोठ्यात जाऊन पोचायची, अशी लोकांची तक्रार होती. बरं, हा वसूल झालेला पैसा तरी सरकारात पोचत होता का? खुद्द गव्हर्नर विल्यम ट्रायनने १७६७ मध्ये लंडनला कळवलं होतं की शेरीफांनी निम्म्याहून जास्त सरकारी पैसा खाल्ला आहे. म्हणजे वरपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत होतं.

करापेक्षाही फीचा जाच जास्त होता. शेजारच्या ग्रॅनव्हिल परगण्यात जॉर्ज सिम्स नावाचा एक शाळामास्तर होता. त्याने १७६५ मध्ये लोकांपुढे जो हिशोब मांडला तो वाचताना माझे हात थांबले. पाच पौंडांच्या कर्जाचा दावा एखाद्या गरिबावर लागला, तर नुसत्या कोर्टाच्या क्लार्कची फी ४१ शिलिंग ५ पेन्स. पैसे नाहीत? मग क्लार्कच्या शेतावर राब, दिवसाला दीड शिलिंग मजुरी. २७ दिवस तो क्लार्कच्या शेतात, आणि घरी त्याचा स्वतःचा मका तणात. त्यानंतर वकील आहे, मग शेरीफ आहे. मास्तर काही रडगाणं गात नव्हता. तो गुणाकार करून दाखवत होता.

हिल्सबरोत या सगळ्याचा एकच चेहरा होता, एडमंड फॅनिंग. येलमध्ये शिकलेला, हुशार, गव्हर्नरच्या खास मर्जीतला. दस्त नोंदणी त्याच्याकडे, स्थानिक पलटणीची कर्नलकी त्याच्याकडे आणि असेंब्लीतली, म्हणजे वसाहतीच्या कायदेमंडळातली जागाही त्याच्याकडेच. जमिनीचा दस्त त्याच्या वहीत चढल्याशिवाय पक्का होत नसे, आणि चढवायला तो कायद्यातल्या दरापेक्षा जास्त घेई. लोकांनी त्याच्यावर पद रचलं होतं: आला तेव्हा अंगात ठिगळाचा कोट आणि बुडाखाली म्हातारी घोडी, आता कोटाला सोन्याची किनार. शेतात, गिरणीवर, दारूच्या गुत्त्यात लोक ते गात. आमच्याकडेही एका मंडळ अधिकाऱ्याच्या नव्या बंगल्यावर गावात असंच काहीबाही म्हटलं जायचं. पारावर सगळे हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारात हात जोडून उभे असायचे.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती १७६६ मधली एक साधीशी नोटीस. ऑगस्टमध्ये या शेतकऱ्यांनी एक पत्रक काढलं. प्रत्येक वस्तीने आपली माणसं निवडून पाठवावीत, अधिकाऱ्यांनीही यावं, आणि लोकांवर खरंच अन्याय होतो आहे का याचा शांतपणे विचार व्हावा. बैठक मॅडकच्या गिरणीवर घ्यायचं ठरलं. आणि जागेबद्दल एक अट मुद्दाम घातली होती: तिथे दारू नसावी. मी ती ओळ दोनतीनदा वाचली. किती विचार केला असेल त्यांनी! आपल्याला दंगेखोर म्हणतील, प्यायलेले म्हणतील, म्हणून आधीच खबरदारी. १० ऑक्टोबरला ते गिरणीवर जमले. ईनोचं पाणी चाकावरून पडत असेल, पिठाची भुकटी सगळ्यांच्या कोटांवर बसली असेल. अधिकारी आलेच नाहीत. फॅनिंगने निरोप धाडला की असली बैठक म्हणजे बंडच. लोकांनी मागितलं काय होतं? कर माफ करा असं ते म्हणत नव्हते. करदात्यांची यादी दाखवा, फीचा दर दाखवा, वसूल झालेला पैसा कुठे गेला ते सांगा. पुढे १७६८ मध्ये स्वतःला ‘रेग्युलेटर’ म्हणवून घेत त्यांनी एकमेकांना वचन दिलं, तेही एवढंच: कर कायद्याप्रमाणे आहे आणि ठरल्या कामालाच लागतो आहे याची खात्री पटेपर्यंत भरायचा नाही, आणि कोणत्याही अधिकाऱ्याला कायद्यात आहे त्याहून जास्त फी द्यायची नाही.

पावतीच मागत होते ते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये करापोटी एकाचा घोडा, खोगीर, लगाम असं सगळं जप्त झालं. लोक हिल्सबरोत घुसले, घोडा सोडवून नेला आणि जाताजाता फॅनिंगच्या छपरावर गोळ्या झाडल्या. पुढाऱ्यांना अटक झाली. त्यात हर्मन हजबंड होता, मोठेपणी क्वेकर झालेला, पत्रकं लिहिणारा, बंदुकीला हात न लावणारा माणूस. त्याला सोडवायला सातशे माणसं चालून आली तेव्हा त्याला मोकळं केलं गेलं. सप्टेंबरमध्ये खटले उभे राहिले. हजबंड निर्दोष सुटला. आणि फॅनिंगवर जादा फी घेतल्याचा गुन्हा चक्क सिद्ध झाला! तो दोषी ठरला, आणि शिक्षा झाली दर गुन्ह्याला एक पेनी दंड. मला वाटतं, पुढे जे काही झालं ते या एका पेनीतून झालं. न्याय नाकारला असता तर लोकांनी कदाचित आणखी अर्ज केले असते. पण गुन्हा कबूल करून त्याची किंमत एक पेनी ठरवली, तेव्हा अर्ज करण्यात काही राम उरला नाही. आणि त्याच वर्षी न्यू बर्नला समुद्राकडे गव्हर्नरचा विटांचा वाडा बांधून होत होता. आधी ५,००० पौंड मंजूर झाले, मग आणखी १०,०००, आणि त्यासाठी पुन्हा डोईपट्टी. दोनशे मैलांवरच्या ज्या शेतकऱ्याला तो वाडा कधी दिसणारही नव्हता, त्याने आपली गाय विकून त्याच्या खिडक्यांची काच बसवायची.

सप्टेंबर १७७० मध्ये बांध फुटला. रेग्युलेटर कोर्टात शिरले. फॅनिंगला टाचांना धरून पायऱ्यांवरून फरपटत बाहेर आणलं, वकिलांना चोपलं, न्यायाधीश रातोरात मागच्या दाराने पळाला. दुसऱ्या दिवशी फॅनिंगचं घर पाडलं. हे वाचताना मी अस्वस्थ झाले. पायऱ्यांवर आपटत जाणारं माणसाचं डोकं डोळ्यांपुढे आणलं की कोणाचाही राग न्याय्य वाटत नाही. पण मग एक तपशील सापडला आणि मी पुन्हा त्यांच्या बाजूला गेले. रिकाम्या कोर्टात त्यांनी खटल्यांची नोंदवही उघडली आणि तिच्यात आपले निकाल लिहून ठेवले. एका नोंदीत लिहिलं आहे, ‘फॅनिंग खर्च भरतो, पण गमावत काही नाही.’ ज्या वहीत त्यांच्याविरुद्ध इतकी वर्षं लिहिलं जात होतं, त्याच वहीत, त्याच दौतीत टाक बुडवून, अशुद्ध स्पेलिंगमध्ये, कुणीतरी एकदाचं खरं लिहून ठेवलं.

उत्तर लगेच आलं. जानेवारी १७७१ मध्ये असेंब्लीने दंग्याविरुद्ध इतका कडक कायदा केला की तो मागच्या तारखेपासूनही लागू होता. त्याच सुमारास ऑरेंजचा आणि आजूबाजूच्या परगण्यांचा काही भाग तोडून एक नवीन काउंटी झाली आणि तिला ट्रायनच्या बायकोचं माहेरचं आडनाव दिलं: वेक. मी ज्या काउंटीत राहते, जिच्या नावाने दरवर्षी माझ्या घराच्या कराचं बिल येतं, ती हीच. हे कळल्यावर मी ते बिल ड्रॉवरमधून काढून बराच वेळ नुसतं बघत बसले.

जूनमध्ये आम्ही मुद्दाम अ‍ॅलमॅन्सला गेलो. ट्रायनची फौज आणि रेग्युलेटर शेवटी जिथे भिडले ते लढाईचं मैदान म्हणजे कडेला झाडी आणि मधे कापलेलं गवत, बाजूने जाणारा रस्ता, १८८० मध्ये उभारलेला ग्रॅनाइटचा स्तंभ. दुपारचं ऊन इतकं चढलं होतं की गवताला भाजल्यासारखा वास येत होता. १६ मे १७७१ ला इथे दोनेक हजार शेतकरी जमले होते. त्यांना सेनापती नव्हता, तोफा नव्हत्या, अनेकांकडे बंदुकाही नव्हत्या. बरेच जण अजूनही समजत होते की गव्हर्नर आपला अर्ज ऐकायला आला आहे. समोर हजारावर शिस्तीतली फौज आणि तोफा. डेव्हिड काल्डवेल नावाचा एक धर्मगुरू दोन्ही बाजूंकडे फेऱ्या मारून विनवण्या करत होता. हजबंड लढाईआधीच निघून गेला. त्याच्या धर्मात रक्त सांडणं बसत नव्हतं. त्याला पळपुटा म्हणणारे तेव्हाही होते, आताही आहेत. मला त्याच्याबद्दल काय वाटतं ते अजून ठरत नाही. दोनेक तासांत सगळं संपलं. ट्रायनकडचे ९ मेले, ६१ जखमी झाले, असा चोख आकडा आहे. शेतकऱ्यांकडचे किती मेले याची धड मोजदाद कुणी केली नाही. जेम्स फ्यू नावाच्या तरुणाला खटलाही न चालवता झाडाला लटकवलं.

मग हिल्सबरोतले खटले. बारा जणांना फाशी सुनावली, सहा जणांना माफी मिळाली, सहा जणांना १९ जूनला टांगलं. मेसरची गोष्ट तिकडे सांगतात. त्याला आधी लढाईनंतर लगेचच फाशी द्यायची होती, पण त्याचा दहा वर्षांचा मुलगा गव्हर्नरच्या पायाशी पडून म्हणाला, मला टांगा आणि बाबांना सोडा. ट्रायन विरघळला आणि म्हणाला, हजबंडला पकडून आणलंस तर तू मोकळा. मेसर गेला, हजबंडला काही आणू शकला नाही, आणि रिकाम्या हाताने परत आला. परत आला! जंगल सगळीकडे होतं, पळायला वाट होती. बायकामुलं ओलीस होती म्हणून आला असं म्हणतात. आणि प्यू, बंदुका बनवणारा, फाशीच्या तख्ताखाली पिंपावर उभा राहून फॅनिंगच्या लबाड्या सांगत होता, आणि त्याचं बोलणं संपायच्या आत कुणीतरी पिंप लाथाडलं, असंही सांगतात.

महिना संपायच्या आत ट्रायन न्यूयॉर्कचा गव्हर्नर होऊन निघून गेला. फॅनिंग त्याच्यासोबत गेला, पुढे जनरल झाला, एका बेटाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला आणि १८१८ मध्ये लंडनला वारला. मागे राहिलेल्या सहा हजारांवर लोकांनी रांगेत उभं राहून राजनिष्ठेची शपथ घेतली. नवा गव्हर्नर जोसाया मार्टिन १७७२ मध्ये या भागात फिरला आणि त्याने वर कळवलं की लोकांचं म्हणणं खरं होतं, वकील, क्लार्क आणि बारीकसारीक अधिकाऱ्यांनी त्यांच्या अडाणीपणाचा फायदा घेऊन त्यांना नागवलं होतं. तोवर सहा जण मातीत गेले होते. लढाईनंतर चार वर्षांनी अमेरिकन क्रांती सुरू झाली तेव्हा ट्रायनच्या फौजेतले कितीतरी अधिकारी स्वातंत्र्याचे पुढारी म्हणून उभे राहिले. ऑरेंजच्या कोर्टाचा क्लार्क फ्रान्सिस नॅश, ज्याच्यावरही जादा फी उकळल्याचा आरोप होता, तो क्रांतीत लढताना मेला आणि नॅशव्हिल शहराला त्याचं नाव मिळालं. म्हणूनच या लढाईला ‘क्रांतीची पहिली लढाई’ म्हणतात ते मला पटत नाही. हे शेतकरी राजाविरुद्ध लढतच नव्हते. ते राजाच्याच कायद्याची अंमलबजावणी मागत होते, आणि त्यांना गोळ्या घालणारे त्यांचेच शेजारी होते.

आणि हेही मनात येतं की ज्या लाल मातीच्या दस्तासाठी ही मारामारी, ती त्या शेतकऱ्यांची तरी कुठे होती? ईनोच्या त्याच वळणावर ओकानीची या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं गाव होतं. त्यांना कुठल्या वहीत कुणी नोंदवलं नाही. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्या पायाखालीही कुणाचं तरी घर असतं, हे त्या नदीकाठी फिरताना मला आता विसरता येत नाही.

दिवाळीला गावी गेले. फेरफार मंजूर झाला होता, सातबाऱ्यावर आईचं आणि आम्हा दोघा भावंडांचं नाव चढलं होतं. आईने उतारा चष्मा लावून वाचला, नावांवरून बोट फिरवलं. संध्याकाळी मी वहीचं एक पान फाडलं आणि त्यावर लिहिलं: तारीख, कार्यालय, काम वारस नोंद, फलकावरील फी काही नाही, दिलेली रक्कम २,००० रुपये. खाली सही केली. आईने कागद हातात घेतला.

“ही पावती?”

“हो.”

“मग सही तुझी कशी?”

“दिले मी ना, आई.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग उठली, देवळीजवळ गेली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद तारेच्या टोकावर टेकवला. टोक गंजून बोथट झालं होतं. तिला दोनदा दाबावं लागलं.